नवसाबाईची कपार

फुलबाजारात झेंडूचं शेवटचं क्रेट उतरवून झालं की निकिता काकडला तीन तास मोकळे मिळायचे. घर मखमलाबादला, घरची फुलशेती, वडिलांचे गुडघे दुखरे. त्यामुळे पहाटेची तोडणी झाली की पिकअप बाजारात न्यायचं काम दोन वर्षांपासून तिच्याकडे आलं होतं. आठच्या सुमाराला बाजार उरकायचा. ती अकरापर्यंत घरी पोचली तरी कुणी काही विचारत नसे. मधल्या वेळात ती कुठे जाते ते फक्त आईला, सविताला, अर्धवट माहीत होतं. "पोहायला जाते," एवढंच निकिताने सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. चढायला ती पोहतच एका कड्यापर्यंत जायची.

शहराच्या पश्चिमेला, पाऊण तासाच्या अंतरावर, धरणाचं पाणी डोंगराच्या एका बगलेत शिरून थांबलेलं आहे. तिन्ही बाजूंना उतार आणि चौथ्या बाजूला सरळ पाण्यातून उठलेला काळा कातळ. मध्ये वारा पोचत नाही. सकाळी पाणी इतकं स्थिर असतं की कडा खाली किती आणि वर किती हे चटकन कळत नाही. निकिता आणि तिचा मित्र कुंदन तिथे दोन हिवाळे येत होते. दहा वर्षांपूर्वी एकाच गिर्यारोहण शिबिरात दोघं दोर बांधायला शिकले होते. त्र्यंबकच्या बाजूचे बरेच कडे त्यांनी एकमेकांच्या भरवशावर चढून काढले होते. कुंदन सिन्नरच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता, म्हणून सकाळी तोही मोकळा असायचा.

इथे मात्र ते दोर आणत नसत. खाली पाणी होतं, तोच दोर.

दोरावर चढताना माणूस एकटा नसतो. पट्टा मांड्यांना काचतो, कड्या वाजतात, ‘ढील दे’, ‘ताण दे’ असं बोलणं चालू असतं. इथे ओल्या अंगाने पाण्यातून थेट खडकावर यायचं, कमरेच्या पिशवीतली पांढरी पूड बोटांना लावायची आणि निघायचं. पाण्यावर पडलेलं ऊन परतून कड्याच्या पोटावर जाळीसारखं हलत असायचं. त्या हलत्या उजेडात बोटं खाच शोधायची, अंगठा गारगोटीच्या पांढऱ्या खड्यावर टेकायचा, आणि थोड्या वेळाने निकिताला आपणही पाण्यातच आहोत, फक्त जरा वरच्या पाण्यात, असं वाटू लागायचं. हात सुटला तरी भीती नसायची. पोटात एक पोकळी उघडायची, तिच्यात कुठलाच आवाज नसायचा, मग थंडगार पाणी कानांवर मिटायचं. कधी कधी पुढची पकड समोर दिसत असतानाही ती हात सोडून द्यायची. हे तिने कुंदनला कधी सांगितलं नाही.

कुंदन पाण्यावर इतका विश्वास टाकणारा नव्हता. वीस फुटांच्या वर गेलं की पाणी मऊ राहत नाही, हे तो दर वेळी सांगायचा. पाठीवर पडलीस तर फरशीवर पडल्यासारखं लागेल. पाय खाली, हात अंगाशी, श्वास धरून. चढायच्या आधी तो स्वतः पोहण्याचा चष्मा लावून खाली बुडी मारायचा. कुठे बुंधा, कुठे दगड, कुठे मासे धरणाऱ्यांचं जाळं, सगळं बघून यायचा, आणि तेवढ्याच पट्ट्यात चढायचं असा त्याचा नियम होता. एकट्याने यायचं नाही हा दुसरा.

समोरच्या उतारावर नवसाबाईचं शेत होतं. शेत म्हणजे गाळपेर. हिवाळ्यात पाणी जसजसं मागे सरतं तसतसा काळा ओला गाळ उघडा पडतो, त्यात ती हरभरा टाकायची आणि खाली पाण्याच्या कडेला काकडी लावायची. साठीची काटक बाई, कासोटा घातलेली. तिचा नवरा भिमाजी फुगवलेल्या ट्यूबवर बसून मासे धरायचा. पहिल्या वर्षी ही दोघं या दोन वेड्यांकडे लांबूनच बघत होती. दुसऱ्या वर्षी नवसाबाई हरभऱ्याचे डहाळे घेऊन पाण्याच्या कडेला येऊन बसू लागली.

"पडतीस कशापायी गं सारखी?" तिने एकदा निकिताला विचारलं.

"चढता येत नाही म्हणून पडते, मावशी."

"येतंय की तुला. मी बघते ना."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी नवसाबाईने कपारीचं सांगितलं. हे पाणी आलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिचं माहेर इथेच होतं, आता डोळ्यांसमोर निळं दिसत होतं तिथे खाली. कड्याच्या पायाशी ओढा वाहायचा, ओढ्यापलीकडे ज्वारी, ज्वारीपलीकडे पन्नास-साठ घरं. आणि कड्याच्या मध्यावर, उजव्या अंगाला, एक कपार होती. वरून एक निमुळती वाट त्या कपारीत उतरायची. नवसाबाई शेरडं वर सोडून तिथे जाऊन बसायची.

"आत दोन माणसं आडवी होतील एवढी जागा हाय. सावली लय गार. तिथून समदं गाव दिसायचं. आमचा उंबरा सुदिक."

"मग आता वाट?"

"धरणाच्या टायमाला दगडासाठी सुरुंग लावले, तवा वाट कोसळली. नंतर कुणी गेलंच नाय तिथं."

निकिताने मान वर करून पाहिलं. त्यांच्या नेहमीच्या पट्ट्यापासून तीसेक फूट उजवीकडे, पाण्यापासून बरीच वर, कातळात एक काळी पापणी मिटल्यासारखी रेघ होती. इतके दिवस तिला ती नुसती सावली वाटली होती.

कुंदनच्याही मनात ते भरलं होतं, पण तो म्हणाला, "आधी त्या बाजूचं पाणी बघावं लागेल. पुढच्या रविवारी बघू."

पुढचा रविवार यायला वेळ होता. त्या आठवड्यात कुंदनची पाळी बदलली आणि त्याच्या सकाळी गेल्या. निकिता रोज फुलं उतरवत होती, माणसांशी बोलत होती, पण डोळ्यांपुढे ती काळी रेघ असायची. झोपेत ती तिथे पोचायची आणि आत दिवा लावलेला असायचा. गुरुवारी बाजारातून निघाल्यावर तिने गाडी घराकडे वळवली नाही.

कालव्याला धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटल्याचं तिला माहीत होतं, शेतकऱ्याच्या घरी ते माहीत असतंच. पाणी उतरलेलं दिसतही होतं. कड्याच्या पायाशी पुरुषभर उंचीचा मातकट पट्टा नव्याने उघडा पडला होता. तिला त्यात एवढंच दिसलं, की आज चढाई तेवढी लांब झाली. गाडीत फोन ठेवून ती पाण्यात शिरली.

खालचा पट्टा बुळबुळीत होता. त्याच्यावर आल्यावर खडक कोरडा आणि खरखरीत लागला, आणि मग सगळं सोपं होत गेलं. नेहमीच्या पट्ट्यातून ती वर गेली, तिथून एका आडव्या खाचेत बोटं घालून उजवीकडे सरकू लागली. या बाजूला कधी कुणाचा हात लागलेला नव्हता. खाचेत वाळकं शेवाळ होतं, ते बोटांखाली पिठासारखं व्हायचं. उजेडाची जाळी तिच्या हातांवरून, खांद्यांवरून फिरत होती. खाली एक पाणकावळा पाण्यावर रेघ ओढत गेला. ती किती वेळ सरकत होती ते तिला नंतरही सांगता आलं नाही. शेवटी खाच संपली आणि कपारीची कड हातभर अंतरावर, डोक्याच्या वर राहिली. तिथे पोचायचं तर दोन्ही पाय सोडून झेप घ्यावी लागणार होती. अशी झेप उलटी घेता येत नाही, हे तिला कळत होतं. तिने झेप घेतली.

कड हाताला आली. ती कोपरांवर अंग ओढून आत गेली आणि पालथी पडून राहिली.

कपार खरंच गार होती. जमिनीवर बारीक माती, वटवाघळांच्या सुक्या लेंड्या, एका कोपऱ्यात काजळी धरलेले दोन दगड. निकिता उठून कडेला येऊन बसली, पाय खाली सोडून. आता ऊन वर आलं होतं आणि तिरपं पाण्यात शिरत होतं. तिने खाली पाहिलं आणि तिला गाव दिसलं.

आधी नुसत्या फिक्या रेघा होत्या. मग त्यांचे कोन जुळले. चौकोन, त्याला लागून चौकोन, मध्ये एक रुंद फिकट पट्टी वाकत गेलेली. भिंतींचे पायेच उरले असतील, पण पाणी इतकं नितळ होतं की ते हिरवट उजेडात जवळ आल्यासारखे वाटत होते. पट्टीच्या टोकाला एक गोल ओटा. माशांचा एक घोळका त्या गल्लीतून गेला आणि एका घरात वळला. निकिता बघत राहिली. तिला वाटलं, थोडं आणखी थांबलं तर कुणीतरी बाहेर येईल.

मग तिने पायांच्या सरळ खाली पाहिलं, आणि पाय आत ओढून घेतले. तिथे पाण्याखाली, जेमतेम कमरेइतक्या खोलीवर, मोठाले काळे दगड पडले होते. एकमेकांवर, कड्याच्या पायापासून बरेच बाहेरपर्यंत. नवसाबाईची कोसळलेली वाट.

वर पाहिलं तर छत पुढे झुकलेलं. ज्या खाचेतून आली ती आता खाली, हाताबाहेर. पाणी चाळीस फूट खाली होतं.

तिने ओरडून हाक मारली नाही. तिने नुसतं "मावशी" म्हटलं, जरा मोठ्याने, आणि त्या स्थिर पाण्यावरून ते समोरच्या हरभऱ्यात ऐकू गेलं. नवसाबाई उठून उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं.

"कपारीत हायेस का गं तू?"

"हो."

"एकटीच?"

"हो. खाली दगड आहेत, मावशी. उतरता येत नाहीये."

भिमाजी बगलेच्या तोंडाशी जाळं काढत होता. नवसाबाईने त्याला बोलावून घेतलं. तो ट्यूबवर बसून, दोन्ही हातांतल्या फळकुटांनी पाणी मागे सारत कड्याखाली आला आणि मान वर करून शांतपणे म्हणाला, "पोरी, बसून राहा. मी गावात जातो, माणसं आणि दोर घेऊन येतो. दुपार होईल. पण तू हलू नकोस."

"वरून दोर आत येणार नाही, बाबा. छत पुढे आहे."

"येईल. काहीतरी करू. माणसं जमली की सुचतं."

हे बरोबर होतं. निकिताला तेव्हाही ते बरोबर वाटलं. सावली होती, वारा नव्हता, तहान सोडली तर कसला त्रास नव्हता. पण ती काही बोलायच्या आत समोरच्या काठावरून नवसाबाईचा आवाज आला.

"अवं, डोह कुठंशी हाय बघा की."

ओढ्यावर एक डोह होता. उन्हाळ्यात सगळा ओढा आटला तरी तो आटायचा नाही, गावाची गुरं तिथे पाण्याला यायची. कपारीच्या डाव्या अंगाला, कड्यापासून थोडा सुटून. नवसाबाई काठावरून चालत एका जागी आली, मागच्या डोंगरातली खिंड आणि कड्यावरची एक तांबूस चीर एका ओळीत धरून तिने हात लांब केला. "ह्या ओळीत. अजून थोडं म्होरं. अजून. आता डावीकडं."

भिमाजीने जाळ्याच्या दोरीला दगड बांधून खाली सोडला. दोरी हातावर मोजत तो वर सांगत होता. चार हात. इथे पाच. परत चार. मग दगड जात राहिला, दोरी सुटत राहिली आणि तो थांबला. "बारा हात." त्याने चहूबाजूंनी पुन्हा मोजलं. खळ्याएवढ्या जागेत दहा हातांच्या खाली कुठेच नव्हतं. मधोमध त्याने दगड तळाला ठेवून दोरीच्या वरच्या टोकाला आपला लाल प्लास्टिकचा डबा बांधला. डबा पाण्यावर डुलत राहिला.

"हाय डोह," तो म्हणाला. "गाळानं भरला नाय अजून. पण माझं ऐकशील तर थांब. लांब उडी हाय."

निकिता उभी राहिली. डबा सरळ खाली नव्हता, पुढे आणि तिच्या उजव्या हाताला होता. धावायला मागे तीन पावलं जागा होती. त्या तीन पावलांबद्दल तिला पुढे कितीदा विचारलं गेलं, आणि तिने कितीदा वेगवेगळं उत्तर दिलं. तेव्हा तिच्या मनात काहीच नव्हतं. खाली गल्ली होती, गोल ओटा होता, हिरवा उजेड होता, आणि लाल ठिपका त्या सगळ्याच्या वर हळूहळू हलत होता. ती मागे गेली, मग पुढे.

ती पोकळी या वेळी फार मोठी होती. तिच्यात वेळ मावला. तिला समोरच्या काठावर नवसाबाई दिसली, हात अजून लांबच केलेला. तिला आपले पाय पुढे जाताना दिसले, जायला नको होते तेवढे पुढे, आणि ते मागे घ्यायला वेळ आहे असंही वाटलं. तो नव्हता.

ती डब्यापासून हातभर अंतरावर पडली, पण सरळ नाही, किंचित बसल्यासारखी. कंबरेत काहीतरी मिटलं. मग अंधारं, थंड, खोल. पाय तळाला लागले नाहीत. वर आली तेव्हा तोंड उघडं होतं आणि श्वास आत जात नव्हता. भिमाजीने तिचे दोन्ही हात धरून ट्यूबवर टाकले आणि, "धरून राहा, नुसतं धरून राहा," असं म्हणत तिला काठाला ओढत नेलं. तिला हरभऱ्याच्या शेताशेजारी गाळावर आडवं केलं. ती उठायला लागली तेव्हा नवसाबाईने छातीवर हात ठेवून तिला दाबून धरलं.

"उठायचं नाय. पाय हालव आधी."

पाय हलले. नवसाबाईने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि पदराने पुसलं.

भिमाजीने गाडीतला फोन आणून दिल्यावर निकिताने कुंदनला कळवलं. तो कारखान्यातून निघून रुग्णवाहिका घेऊन आला तेव्हा बारा वाजले होते. कमरेचा एक मणका दबला होता. मज्जारज्जूला धक्का नव्हता. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पट्टा, सहा महिने वजन उचलायचं नाही. तिसऱ्या दिवशी कुंदन दवाखान्यात खुर्ची ओढून बसला.

"ते दोर आणणार होते."

"हो."

"मग थांबायला काय झालं होतं?"

निकिताने सांगितलं, की भीती वाटली. पुढे आईला सांगितलं, की माणसं जमली असती, बातमी झाली असती. आईने ऐकून घेतलं. त्या तीन महिन्यांत वडील गुडघ्यांना पट्टे बांधून पिकअप चालवत होते, आई बाजारात उभी राहत होती, आणि दोघांपैकी कुणीही एकदाही पाण्याचा विषय काढला नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या निकिताला छतावर ती उजेडाची जाळी दिसायची. कधी ती बघत राहायची, कधी डोळे मिटून घ्यायची.

ऑक्टोबरात ती एकदा धरणाकडे गेली. कुंदन गाडी चालवत होता. बगल काठोकाठ भरली होती, गाळपेर पाण्याखाली होती आणि कपार पाण्यापासून थोडीशीच वर दिसत होती, इतकी जवळ की हसू यावं. कुंदन तिथेच थांबला. निकिता चालत वरच्या गावठाणात, नवसाबाईच्या घरी गेली.

नवसाबाई भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. तिने निकिताला खाली बसू दिलं नाही, खुर्ची मागवली. चहा झाला. मग तिने हळूच म्हटलं, "मी डोहाचं सांगाया नको व्हतं. आमचं हे म्हनतात."

"तुम्ही बरोबर सांगितलं. मीच वाकडी पडले."

"तू थांबली का नाय गं?"

निकिताने शेंगांच्या ढिगातली एक शेंग उचलली आणि फोडली नाही. "मला उडी मारायची होती, मावशी. तिथे बसल्यावर दुसरं काही नकोच वाटलं. दोर घेऊन कुणी आलं असतं तर मला वाईट वाटलं असतं."

हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. नवसाबाईने मान हलवली, जशी एखाद्या नेहमीच्या गोष्टीला हलवतात.

"काय दिसलं तिथून?"

निकिताने सांगितलं. वाकत गेलेली गल्ली, चौकोनी पाये, गोल ओटा. नवसाबाई डोळे बारीक करून ऐकत होती आणि मध्येमध्ये दुरुस्त करत होती. तो ओटा पाराचा, तिथे पिंपळ होता. त्याच्या डाव्या हाताला लागून दोन चौकोन दिसले का? मोठा चौकोन घराचा नव्हे, गोठ्याचा, तिच्या माहेरचं घर धाकटं.

"तिथून मासे आत जाताना दिसले," निकिता म्हणाली.

"धाकट्यात?"

"धाकट्यात."

नवसाबाई हसली. मग शेंगा तोडता तोडता, निकिताकडे न बघता म्हणाली, "मला पण वाटायचं. कपारीत बसलं की वाटायचं, टाकावी उडी. खाली ज्वारी असायची ना, कणसं निसवलेली. वारा आला की अशी हालायची, पाण्यावानीच. मला वाटायचं, ती धरील मला."

"मग?"

"मग आई हाक मारायची, पाण्याला चल म्हनून. मी वाटंनं वर यायची अन् जायची घरी."

ढिगातल्या शेंगा ती मूठमूठ करून पिशवीत भरत होती. पिशवी भरल्यावर तिने ती निकिताच्या मांडीवर ठेवली, मग तिच्या कमरेची आठवण होऊन उचलून घेतली आणि स्वतःच कुंदनच्या गाडीपर्यंत घेऊन चालू लागली.